अंजनेरी गाव आणि त्याच्या शिवारातली १२ व्या शतकातील बाजारपेठ

गोदाकाठ :

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने निघाले की साधारण वीस-बावीस किलोमीटरवर डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर उभा राहतो. पावसाळ्यात, विशेषतः शनिवारी आणि रविवारी, फाट्यावर गाड्यांची रांग लागते आणि त्यांतली बहुतेक मंडळी गाव मागे टाकून थेट नवरा-नवरीच्या सुळक्यांकडे आणि तिथून गडाच्या पायऱ्यांकडे वळतात. सुमारे १,३०० मीटर उंचीच्या या गडावर अंजनीमातेचे मंदिर आहे, तळे आहे, जैन लेणे आहे, आणि हनुमानाचा जन्म येथेच झाला अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे गडाची ओढ समजण्यासारखी आहे. मात्र गडाच्या पायथ्याशी जे अंजनेरी गाव आहे, त्याला नाशिककरांनी स्वतंत्र वेळ द्यावा, किंबहुना एखादी खेप केवळ गावासाठी करावी, असे मला फार दिवसांपासून वाटते आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

गावाच्या आसपास, काही घरांलगत, काही शेतांत, अशी एकूण १६ जुनी मंदिरे विखुरलेली आहेत. त्यांतली बहुसंख्य जैन आहेत, काही शैव-वैष्णव आहेत, आणि ही सगळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. कोणाचे शिखर उतरलेले आहे, कोणाचा सभामंडप गेला आहे आणि गाभारा तेवढा शिल्लक आहे, तर कोणाची केवळ द्वारशाखा, म्हणजे दाराची कोरीव चौकट, उभी आहे. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमध्ये या अवशेषांची नोंद आहे आणि ते गवळी राजांच्या, म्हणजेच यादवांच्या काळातले मानले जातात असे त्यात म्हटले आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो येथील शिलालेख. शके १०६३ चा, म्हणजे इ.स. ११४१-४२ च्या सुमाराचा हा संस्कृत लेख यादव राजा सेउणदेव, अर्थात तिसरा सेउणचंद्र, याच्या काळातला आहे. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. आता दान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जमीन येते, गाव येते, सोने किंवा गाई येतात. येथे राजाने मंदिराला तीन दुकाने दिली आहेत. वत्सराज नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याने, आणि त्याच्यासोबत लाहड व दशरथ या दोघांनी, आणखी एक दुकान व एक घर दिले आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकातच हा लेख अभ्यासकांसमोर आणला.

तीन दुकानांचे दान कोणत्या जागी उपयोगी पडते, याचा क्षणभर विचार करावा. जिथे दुकानाला गिऱ्हाईक आहे, भाडे नियमित येते, आणि त्या भाड्यातून देवाची पूजाअर्चा व मुनींची सोय वर्षानुवर्षे चालेल असा दात्याला विश्वास आहे, अशाच ठिकाणी कोणी दुकान दान देईल. आज भाताची खाचरे आणि कौलारू घरे असलेले हे गाव त्या काळी भरलेल्या पेठेचे नगर होते, ही गोष्ट त्या एका तपशिलातून जितकी स्पष्ट होते तितकी दहा शिखरे पाहूनही होत नाही. म्हणून माझी विनंती अशी की मंदिरे पाहताना केवळ मूर्ती व नक्षी पाहू नये. एका मंदिरापासून दुसऱ्याकडे चालत जावे, मधले अंतर पायांनी मोजावे, वस्ती कुठून कुठवर पसरली असेल याचा अंदाज घ्यावा. सोळा मंदिरांना पोसणारे नगर किती मोठे असले पाहिजे, हा प्रश्न चालतानाच मनात उभा राहतो.

पाहताना काय पाहावे, याविषयी थोडे. द्वारशाखेच्या माथ्यावर, मधोमध, ज्याला ललाटबिंब म्हणतात तिथे नजर न्यावी. ध्यानस्थ जिनमूर्ती असेल तर मंदिर जैन आहे हे मूर्ती नसलेल्या गाभाऱ्याबाबतही ठरवता येते. खांबांच्या माथ्यावर छत तोलून धरणारे कीचक, उंबरठ्याशी कीर्तिमुखे, दगडावर दगड रचून चुन्याशिवाय उभारलेल्या भिंती, हे सर्व तेथे निवांतपणे पाहण्यास मिळते. अनेक जण या मंदिरांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतात. ज्या हेमाद्री पंडिताच्या नावाने ही ओळख रूढ झाली, तो यादवांच्या अखेरच्या पर्वात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. अंजनेरीचा लेख त्याच्या आधी शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

गडाखाली, त्र्यंबक रस्त्यालगतच, नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. १९८० साली, ज्येष्ठ नाणेतज्ज्ञ परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. गावातल्या पेठेचा विचार मनात घेऊन तिथे गेले की काचेमागची नाणी वेगळ्याच अर्थाने बोलू लागतात. ज्यांनी हे गाव पाहिले आहे त्यांनी आपले निरीक्षण येथे अवश्य मांडावे.

रानजाई :

गोदाकाठ, आपण लिहिलेले वाचून मन प्रसन्न झाले. माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना गड चढणे शक्य नाही, त्यामुळे दर वेळी त्या त्र्यंबकेश्वरचे दर्शन घेऊन गाडीतच बसून राहतात. गावातली मंदिरे पाहणे त्यांना जमेल का? चढ कितपत आहे, आणि सावली कुठे मिळते का?

गोदाकाठ :

रानजाईताई, अवश्य जमेल. मंदिरे सपाटीवर, गावाच्या पातळीलाच आहेत. काही शेतांकडे जाणारी वाट खडबडीत आहे, त्यामुळे सगळी सोळा पाहण्याचा आग्रह धरू नये. वस्तीलगतची दोन-तीन मंदिरे पाहिली तरी पुरेसे समाधान मिळते. हिवाळ्यातली सकाळ निवडावी, काठी आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. पावसात पायवाटा निसरड्या होतात आणि दगडांवर शेवाळ धरते, त्यामुळे त्यांच्यासाठी तो काळ टाळावा. नाणेसंग्रहालयही त्यांना सोयीचे पडेल, फक्त ते कधी उघडे असते याची आधी चौकशी करून घ्यावी.

शिलापट :

धागाकर्त्यांनी पेठेचा मुद्दा मांडला, त्याला बळ देणारी आणखी एक गोष्ट अंजनेरीतच सापडलेली आहे. यादवांच्या शिलालेखाच्या चारशेहून अधिक वर्षे आधीचे ताम्रपट या गावी मिळाले. हरिश्चंद्र वंशातील भोगशक्ती नावाच्या राजाचे ते दानपत्र कलचुरी संवत ४६१ चे, म्हणजे इ.स. ७१० च्या सुमाराचे आहे. हा राजा बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक होता. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी काळातील लेखांच्या आपल्या संग्रहात या ताम्रपटांचा समावेश करून त्यांचे विवेचन केले आहे.

त्या ताम्रपटात देवाला दिलेल्या दानाबरोबरच समगिरिपट्टण नावाच्या नगरासंबंधीचा मजकूर आहे. हे नगर पूर्वी उजाड झाले होते आणि राजाने ते पुन्हा वसवले. वसवले म्हणजे काय केले, हे त्यात अगदी व्यवहाराच्या भाषेत सांगितले आहे : तेथील व्यापाऱ्यांकडून जकात घेतली जाणार नाही, एखादा व्यापारी निपुत्रिक वारला तर त्याची मालमत्ता राजा सरकारजमा करणार नाही, आणि राजाच्या अधिकाऱ्यांच्या मुक्कामाचा व जेवणाखाण्याचा भार व्यापाऱ्यांवर टाकला जाणार नाही. उजाड झालेल्या पेठेत व्यापारी परत यावेत यासाठी त्यांची नेमकी कोणती धास्ती दूर करावी लागते, हे त्या राजाला पुरते ठाऊक होते असेच म्हणावे लागेल. जकातीपेक्षाही निपुत्रिकाच्या धनाचे कलम मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण आयुष्यभर जोडलेले भांडवल मृत्यूनंतर कुटुंबाकडे राहील की नाही, ही शंका असलेल्या गावात कोणीही पक्के घर बांधणार नाही.

याच पट्ट्यातले तिसरे उदाहरण आपण सर्वांनी पाहिलेल्या पांडवलेण्यांत, म्हणजे नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांत, आहे. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापणांचा (त्या काळच्या नाण्यांचा) निधी भिक्षूंसाठी ठेवल्याचा लेख आहे. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेव म्हणून सोपवली : २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत द्यायची नाही, व्याज तेवढे वापरायचे, ही अटही त्यात आहे. ते गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेला आजही त्याच नावाने असलेले गाव.

म्हणजे उषवदाताच्या वेळी विणकरांची ठेव, भोगशक्तीच्या वेळी व्यापाऱ्यांना दिलेली सूट आणि सेउणदेवाच्या वेळी दुकानांचे भाडे. हजार वर्षांच्या अंतराने, बौद्ध, वैष्णव आणि जैन अशा तीन परंपरांत, या भागातल्या धर्मस्थानांचा खर्च आणि पेठांचे आयुष्य एकमेकांत असेच गुंतलेले दिसते. थळघाटाने कोकणात उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारी वाट या टापूजवळून जात होती, हे लक्षात घेतले की त्याचे आश्चर्य वाटत नाही.

घाटमाथा :

विषय उत्तम आहे. मला एक शंका आहे. अनेक ठिकाणी अंजनेरी ही यादवांची राजधानी होती असे ठामपणे लिहिलेले वाचायला मिळते, आणि माझ्या ओळखीचे एक वाटाडे तर दर वेळी तसेच सांगतात. याला कितपत आधार आहे?

शिलापट :

घाटमाथा, वर उल्लेखलेल्या लेखातून सेउणदेवाचे राज्य आणि येथील समृद्ध पेठ सिद्ध होते, राजधानी सिद्ध होत नाही. प्रारंभीच्या यादवांच्या संदर्भात दोन स्थळे ठळकपणे पुढे येतात : चंद्रादित्यपूर, जे चांदवड मानले जाते, आणि सेउणपूर किंवा सिंदीनगर, ज्याचा संबंध सिन्नरशी जोडला जातो. पुढे पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरच्या काळात देवगिरीला आपले आसन नेले. अंजनेरीला राजधानी म्हटल्याने तिचा मान वाढतो असे मला वाटत नाही. राजधान्यांचा इतिहास राजांच्या नावाने लिहिला जातो, आणि येथे तर वत्सराज, लाहड आणि दशरथ अशी दुकानदारांची नावे दगडावर कोरून राहिली आहेत. हे भाग्य फार थोड्या गावांना लाभते.

खाचरबांध :

माझे आजोळ याच गावातले आहे, म्हणून थोडे लिहितो. मंदिरांबद्दल एवढ्या आस्थेने लिहिले गेले याचा आनंद आहे. तथापि येणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात अशी हात जोडून विनंती आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे भाताची आवणी (रोपांची लावणी) चालू असते. खाचराचा बांध मातीचा असतो आणि त्यावर एका मागून एक पंधरा-वीस माणसे चालली की तो ढासळतो, खाचरातले पाणी निघून जाते, आणि त्या पाण्यावरच रोप उभे असते. मंदिराकडे जाणारी मळलेली वाट असतेच, ती गावात कोणालाही विचारली तर माणूस स्वतः येऊन दाखवील. शेतात दिसणारे कोरीव दगडही कृपया हलवू नयेत. एखादा दगड उचलून सरळ करून ठेवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तो कुठे आणि कसा पडला होता हीच अभ्यासकांसाठी खूण असते, असे आम्हाला पाहणी करायला आलेल्या जाणकारांनी समजावून सांगितले होते. काही वर्षांपूर्वी सहलीला आलेल्या एका मोठ्या गटाने देवळाच्या ओट्यावर चूल मांडली होती. त्या धुराने काळवंडलेली भिंत पुसण्याचा प्रयत्न गावातल्या मुलांनी केला, त्याने दगडाची हानी अधिकच होते हे त्यांना तरी कोण सांगणार? स्वयंपाक करायचा असेल तर गावात सांगावे. नागलीची भाकरी, ठेचा आणि आमटी घरोघरी होते, आदल्या दिवशी निरोप दिला तर चार माणसांचे जेवण सहज करून मिळते आणि त्या घरालाही चार पैसे मिळतात. मे महिन्यात रस्त्याकडेला करवंदे, जांभळे घेऊन बसलेल्या आमच्या बाया-मुली दिसतील. त्यांच्याशी घासाघीस करू नये, ती फळे डोंगरातून एकेक करून वेचून आणलेली असतात.

सह्यकन्या :

खाचरबांध यांच्या मताशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि गडासंबंधीही तेच म्हणावेसे वाटते. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पांच्या कुळातली एक वनस्पती आहे, तिचे शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका आहे. तिची नवी जाती म्हणून नोंद झाली ती २००६ मध्ये. पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या गर्दीच्या दिवसांत, ती फुलते. गवतात ती सहसा ओळखू येत नाही आणि तिच्यावर पाय पडतो. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. २०१७ मध्ये हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. काही वर्षांपूर्वी गडावर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी त्याला कडाडून विरोध केला होता, तो याच कारणांसाठी. गडावर जाणाऱ्यांनी पायऱ्यांची वाट सोडून पठारावर कुठेही पसरू नये.

मोहर :

नाणेसंग्रहालयाचा उल्लेख आला म्हणून भर घालतो. तेथे जाण्यापूर्वी एका नाणेनिधीची हकीकत वाचून जावी. १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळ, चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी मूळची क्षत्रप नहपानाची, आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा मुखवटा आणि त्यावरून उमटलेली सातवाहनांची चिन्हे एकाच नाण्यावर दिसतात. राज्य बदलले, पण चांदी तीच राहिली आणि बाजारात तीच चालली.

शिलापट यांनी सांगितलेला उषवदात याच नहपानाचा जावई आणि गौतमीपुत्राच्या विजयाचे वर्णन करणारा त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेखही पांडवलेण्यांतच, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. नाशिकच्या शाळांनी एक दिवस पांडवलेणी आणि एक दिवस अंजनेरीचे संग्रहालय व गाव असा जोड कार्यक्रम आखला, तर मुलांना लेख, नाणे आणि पेठ या तिन्ही गोष्टी आपल्या जिल्ह्यातच हाताशी मिळतील. मी स्वतः शिक्षक आहे आणि पुढच्या हिवाळ्यात आमच्या वर्गासाठी हा प्रयत्न करणार आहे.

रानजाई :

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. तीन दुकानांच्या दानाचे ऐकून त्या म्हणाल्या की त्यांच्या माहेरच्या विठ्ठल मंदिराचा दिवाबत्तीचा खर्चही एका गाळ्याच्या भाड्यातूनच चालत असे. त्यांना आता तो लेख पाहण्याची फारच उत्सुकता आहे. एका दिवसात त्र्यंबकेश्वर, अंजनेरी गाव आणि सिन्नरचे गोंदेश्वर असे तिन्ही करता येईल का?

गोदाकाठ :

ताई, तिन्ही एका दिवसात करू नयेत. सिन्नर नाशिकच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर, त्र्यंबक त्याच्या विरुद्ध, पश्चिमेच्या बाजूला, त्यामुळे बराचसा दिवस गाडीतच जाईल. शिवाय गोंदेश्वर हे शैव पंचायतन आहे, मधले मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांतली चार लहान मंदिरे एकाच प्रशस्त जोत्यावर जवळजवळ अखंड उभी आहेत. अंजनेरीत जे तुकड्या-तुकड्यांनी पाहिले ते तेथे सबंध पाहायला मिळते, त्यामुळे त्याला निवांत अर्धा दिवस हवा आणि तो अंजनेरीनंतर द्यावा.

त्र्यंबकेश्वरचे सध्याचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतले आणि ते १७८६ पर्यंत चालले. म्हणजे अंजनेरीच्या लेखात आणि त्यात सहा शतकांचे अंतर आहे. दोन्हीकडे दगड तोच सह्याद्रीचा काळा बसाल्ट, पण घडण निराळी, हे त्याच दिवशी पाहिले तर चटकन लक्षात येते. सकाळी लवकर दर्शन उरकून दहाच्या सुमारास परतीच्या वाटेवर अंजनेरी गावात उतरावे. एसटीने यायचे झाल्यास त्र्यंबकच्या गाड्या नाशिकच्या जुन्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) सुटतात, अंजनेरी फाट्यावर उतरता येते, आणि तिथून गावापर्यंत चालावे लागते. सासूबाईंना घेऊन मात्र स्वतःची गाडी किंवा रिक्षाच बरी. श्रावणी सोमवार आणि शनिवार-रविवार टाळावेत, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वकाळात या रस्त्याची वाट न धरणे उत्तम.

खाचरबांध, जेवणाचा निरोप आदल्या दिवशी कोणाकडे द्यावा, हे येथे जाहीरपणे न लिहिता रानजाईताईंना कृपया खासगी निरोपातून कळवावे.

खाचरबांध :

कळवतो. डिसेंबरमध्ये येणार असाल तर भात नुकताच झोडून झालेला असेल, नव्या तांदळाचा भात मिळेल. लेख कोणत्या देवळात आहे ते दाखवायला मामांना सांगून ठेवतो.